पोटदुखी म्हणून आलेली मण्यार

इमर्जन्सी नर्सिंगचे तास पावसाळ्यात आले की मी पुस्तक बाजूला ठेवते आणि आधी हे प्रकरण सांगते. पेशंट एकच दिसत असला, तरी तो दोन-तीन पेशंटांच्या अनुभवांवरून बांधलेला आहे. त्यामुळे कुणाची ओळख निघत नाही आणि शिकण्यासारखं एकही वळण सुटत नाही. मी तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होते. ३० खाटा, एक मेडिकल ऑफिसर, रात्रीला दोन सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय.

जुलैचा दुसरा आठवडा, आवणीचे दिवस. पहाटे ५.५० ला एक जीप दारात लागली. ३२ वर्षांची बाई, दिवसभर चिखलात भात लावून रात्री घरात जमिनीवर गोधडी टाकून झोपलेली. नवरा सांगत होता, "राती साडेतीनला उठली, म्हणली पोटात कळ येतीया. ओव्याचं पाणी दिलं, ते समदं उलटून पडलं. आता निस्ती झोपाय लागलीया."

पोटात कळ, उलटी, जागरण. नाडी १०४, बीपी १४०/९०, श्वास २०, ऑक्सिजन ९८ टक्के, ताप नाही, साखर ११८. पोट हाताला मऊ. केसपेपरवर 'गॅस्ट्रायटिस' लिहून झालं होतं आणि पॅन्टोप्राझोल मीच भरून आणलं होतं. त्या कागदात कुणाला काही वावगं दिसलं नसतं. तरुण बाई, आदल्या रात्री बोंबलाचं कालवण खाल्लेलं, पावसाळ्याचे दिवस. आमच्याकडे असे पेशंट पहाटे दोन-दोन यायचे आणि सलाईन संपलं की सकाळच्या एसटीने घरी जायचे.

हनुवटी

मी हातावर व्हेन शोधत होते आणि तिने माझ्याकडे बघितलं. बघताना तिने हनुवटी वर केली. मान मागे, कपाळाला आठ्या, आणि अर्धवट मिटलेल्या पापण्यांच्या फटीतून नजर खाली माझ्याकडे. म्हातारी माणसं नाकावरच्या चष्म्याखालून बघतात तशी. झोप येणारं माणूस असं बघत नाही. त्याची मान पुढे पडते, कपाळ सैल असतं. हिच्या कपाळाचे स्नायू पापण्यांना वर ओढायला राबत होते आणि पापण्या येत नव्हत्या.

"ताई, डोळे पूर्ण उघडा बरं."

"उघडलेच हायेत की," ती म्हणाली. आवाज नाकातून आला.

इथून पुढची दोन मिनिटं मी मुलींकडून तोंडपाठ करून घेते, कारण त्यासाठी हातांखेरीज काहीच लागत नाही. माझं बोट वर नेलं आणि म्हटलं, डोकं न हलवता बोटाकडे बघा. नजर वर ठरत नव्हती, पापणी आणखी खाली आली. दोन बोटं दाखवली, तिला चार दिसली. जीभ बाहेर काढायला सांगितली, ओठांपर्यंत येऊन थांबली. घोटभर पाणी देण्याचा मोह होतो, पण गिळण्याची तपासणी पाण्याने करायची नसते. थुंकी गिळा म्हटलं, तर तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. शेवटी उशीवरून डोकं उचलायला लावलं. उचललं, पण तीन-चार सेकंदांत परत टेकलं. हात-पाय मात्र ठणठणीत, माझं बोट तिने घट्ट दाबलं. कमजोरी वरून खाली उतरत होती, आधी पापण्या, मग घसा, मग मान. त्यापुढचा टप्पा श्वासाचा.

मी डॉक्टरांना उठवायला गेले तेव्हा शब्द असे होते: "सर, पोटदुखीची बाई आहे, जमिनीवर झोपली होती, दोन्ही पापण्या उतरल्यात, मान उचलत नाही. मण्यार वाटते." ते म्हणाले, "चावल्याची खूण?" खूण नव्हती. आम्ही केसांच्या मुळापासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत अंग बघितलं. दोन डासांचे चावे आणि आवणीने झालेल्या चिखल्या. सूज नाही, काळंनिळं नाही, रक्त नाही.

मण्यारीचं हेच आहे. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या आपल्याकडच्या चार विषारींत घोणस आणि फुरसं चावल्यावर जागा सुजते, ठणकते, रक्त न गोठण्याचा त्रास सुरू होतो. नाग चावला तरी जागा सुजते. मण्यारीचे दात बारीक, दंश जवळजवळ दुखत नाही, आणि ती रात्री हिंडणारी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. पहाटे उठतो तो पोट धरून. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपून पहाटे पोटदुखी किंवा घसादुखी घेऊन आलेल्या पेशंटची पापणी बघितल्याशिवाय त्याला ॲसिडिटीच्या खात्यात टाकायचं नाही. या बाईला चावलेला साप सापडला नाही, शेवटपर्यंत नाही. उपचाराला तो लागतही नाही. चारही सापांवर आपल्याकडे एकच बहुगुणी लस, म्हणजे विषावरचा उतारा, आहे, आणि निदान पेशंटच्या अंगावरच्या लक्षणांवरून करायचं असतं. साप मारून पिशवीतून आणणारे नातेवाईक वेळ घालवतात आणि क्वचित दुसरा पेशंटही तयार करतात.

मोजणी

डॉक्टर येईपर्यंत मी एक आकडा लिहून ठेवला होता: २२. खोल श्वास घ्यायला लावून एका दमात मोजायला सांगायचं, जिथे दम संपेल तो आकडा. धडधाकट माणूस सहज ३०-४० च्या पुढे जातो. १५ च्या खाली आला तर श्वासाचे स्नायू हरत चालले असं समजायचं. पण एक गंमत लक्षात ठेवा. पुस्तकांतले हे आकडे इंग्रजी मोजणीचे असतात. आपले अकरा, बारा, तेरा पुढे एकोणीस, एकोणतीस होत लांबत जातात, दम त्यातच जातो. त्यामुळे पुस्तकाच्या आकड्याशी ताडण्यापेक्षा पेशंटचा पहिला आकडा आणि अर्ध्या तासानंतरचा आकडा ताडून बघा. मोजायला लावणारी सिस्टर तीच, वेग तोच.

त्या सकाळी केसपेपरच्या समासात मी लिहिलेले आकडे असे होते: ६.०५ ला २२, ६.३५ ला १९, ७.१० ला १४, ७.४० ला ९. याच वेळांना पल्स ऑक्सिमीटरने काय दाखवलं? ९८, ९८, ९९, ९७. मधल्या काळात आपण ऑक्सिजन लावलेला होता. ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटचा श्वास उथळ होत गेला तरी रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकतो, कार्बन डायऑक्साइड मात्र साचत राहतो. ते यंत्र त्याबद्दल काहीच सांगत नाही. मॉनिटरवर ९७ हिरवं दिसत होतं तेव्हा तिची छाती वर येताना पोट आत जात होतं आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर उतरत होती. श्वासांची गती २८ झाली होती. नवख्या सिस्टरला २८ बघून वाटतं, चांगला भराभर घेतेय.

दहा व्हायल

मण्यारीची शंका पक्की झाल्यावर सुरुवातीचा डोस लसीच्या १० व्हायल, म्हणजे बाटल्या. मोठ्यांना तेवढाच, लहान मुलालाही तेवढाच, कारण साप मुलाला विष कमी टोचत नाही. लस घोड्याच्या रक्तापासून बनते आणि आपल्याकडे बहुतेक कोरडी पावडर म्हणून येते. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिलि डिस्टिल्ड वॉटर घालून ती विरघळवायची. विरघळवायची म्हणजे तळव्यात धरून गोल फिरवायची, हलवायची नाही. घाईत हलवली की दुधासारखा फेस येतो आणि मग सिरिंजमध्ये निम्मी हवा. दहा व्हायल एका सिस्टरने करायला घेतल्या तर सहज वीस मिनिटं जातात. आम्ही मामांना झाकणं काढायला बसवलं, दुसऱ्या सिस्टरने पाणी घातलं, मी ओढून एनएसमध्ये, म्हणजे साध्या सलाईनमध्ये, टाकत गेले. ६.३० ला ड्रिप सुरू.

त्याच्या आधी दोन गोष्टी झाल्या होत्या. एक, २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब, २ मिलि ताजं रक्त, २० मिनिटं हात न लावता उभी, मग एकदाच तिरकी करायची. काचेचीच हवी, प्लास्टिकमध्ये रक्त धड गोठत नाही. साबणाने धुतलेली ट्यूबही चालत नाही, तिथेही चाचणी फसते. हिचं रक्त घट्ट गोठलं, म्हणजे घोणस-फुरशाची शक्यता मागे पडली. ही चाचणी लावून ठेवून दुसऱ्या कामाला गेलेली सिस्टर चाळीस मिनिटांनी परत येते, म्हणून मी हातावर पेनने वेळ लिहिते. अजूनही.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲड्रिनालिन. ड्रिप सुरू करण्यापूर्वी ते सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून, पेशंटच्या उशाशी. लसीची स्किन टेस्ट करायची नाही, ती रिॲक्शनचा अंदाज देत नाही आणि वेळ मात्र खाते.

६.४२ ला तिने मान खाजवली. मी गाऊनचा गळा खाली केला तर गांधी उठत होत्या. तोवर तिने एक उलटी केली आणि छातीत शिट्टी ऐकू यायला लागली. बीपी ८४/५०. दहा मिनिटांपूर्वी ते १४० च्या आसपास होतं. मण्यारीच्या विषात बीपी आणि नाडी उलट वाढलेली असते, त्यामुळे एकाएकी पडलेलं बीपी लसीच्याच खात्यावर. क्लॅम्प बंद. ॲड्रिनालिन ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या मध्यभागी, स्नायूत. दंडात नाही, कातडीखाली नाही. एनएस मोकळं सोडलं, ऑक्सिजन वाढवला, कुशीवर वळवून तोंड सक्शनने साफ केलं. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन, ही ॲलर्जीची औषधं, त्यानंतर. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो, कारण ॲव्हिल ओळखीचं आणि ॲड्रिनालिनची भीती वाटते. पण ॲव्हिलने खाज जाते, पडलेलं बीपी वर येत नाही.

दहा मिनिटांत बीपी ११०/७०. शिट्टी गेली. आता प्रश्न, लस पुन्हा लावायची का? नवऱ्याने डोळ्यादेखत बघितलं होतं, तो हात जोडून म्हणाला, "ताई, ते औषध नगं." त्याला बाजूला घेऊन सांगितलं की दादा, त्रास या औषधाने झाला हे खरं, तो उतरवलाय, पण विषावर दुसरं औषध नाही. ड्रिप पुन्हा सुरू केली, आधी अगदी हळू, मी शेजारी स्टुलावर बसून. पुढे काही झालं नाही.

७.१० ला ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम आणि पाठोपाठ निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम. ॲट्रोपिन आधी, नाहीतर लाळ आणि छातीतला स्राव वाढेल आणि नाडी मंदावेल, तेही गिळता न येणाऱ्या पेशंटमध्ये. ही एक परीक्षाच असते. इंजेक्शनच्या आधी पट्टी धरून दोन पापण्यांमधली फट मोजली होती: ३ मिलिमीटर. अर्ध्या तासाने: ३ मिलिमीटर. मज्जातंतू स्नायूला हालचालीचा निरोप पाठवतो. नागाचं विष स्नायूच्या बाजूने, निरोप घेणारं दार अडवतं, म्हणून निओस्टिग्मिनने निरोप्याची गर्दी वाढवली की थोडा निरोप आत जातो आणि पापणी उघडते. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच उद्ध्वस्त करतं. निरोप निघतच नाही, मग गर्दी कशाची करणार? त्या ३ मिलिमीटरने आम्हाला सांगितलं की साप बहुधा मण्यारच. आणि लसीने पापणी का उघडली नाही याचंही उत्तर त्यातच होतं. लस रक्तात फिरणारं विष बांधते, मोडलेलं टोक जोडत नाही. ते नव्याने उगवायला दिवस लागतात. तोवर तिच्यासाठी श्वास घेणं हे आपलं काम.

सिलिंडरचा हिशेब

७.४० ला मोजणी ९, मान उशीवरून सुटतच नव्हती. डॉक्टरांनी ठरवलं की श्वासनलिकेत ट्यूब इथेच टाकायची, रस्त्यात नाही. झोपेचं औषध देऊन ७.५५ ला ट्यूब गेली, ओठाशी २१ सेंटिमीटर. मी तो आकडा केसपेपरवर आणि चिकटपट्टीवर, दोन्हीकडे लिहिला.

१०८ आली ती बीएलएस, म्हणजे साध्या सोयींची ॲम्ब्युलन्स. तिच्यात व्हेंटिलेटर नसतो. जिल्हा रुग्णालय दीड तासावर, मधे घाट. निघण्यापूर्वी मी सिलिंडरचा गेज बघितला. लहान बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असला तर त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन, आणि ॲम्बूला, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीला, मिनिटाला १० लिटरचा फ्लो. म्हणजे १५० मिनिटं. काटा निम्म्यावर होता, म्हणजे ७५ मिनिटं. रस्ता ९० मिनिटांचा. हा भागाकार कुणी केला नसता तर घाट उतरताना कुठेतरी ॲम्बूच्या पिशवीने मान टाकली असती. मामांनी वॉर्डातला भरलेला सिलिंडर आणून चढवला आणि स्पॅनरही टाकला. स्पॅनर विसरला तर भरलेल्या सिलिंडरचा काही उपयोग नसतो.

ॲम्बू दाबताना हात भीतीच्या वेगाने चालतो. मनात पाचपर्यंत मोजायचं, सहाव्याला दाबायचं, छाती उचललेली दिसली की सोडायचं. मिनिटाला दहा. १०८ चे डॉक्टर आणि मी वीस-वीस मिनिटांनी हात बदलत होतो. एका वळणावर मी घाबरून भराभर दाबायला लागले तर बीपी खाली यायला लागलं, कारण छातीत हवा साचली की हृदयाकडे येणारं रक्त अडतं. त्यांनी फक्त "सिस्टर, मोजा" म्हटलं.

प्रत्येक मोठ्या खड्ड्यानंतर २१ चा आकडा ओठाशी आहे का बघायचं. स्ट्रेचर उतरवताना तो २३ झाला होता. डावीकडे हवा कमी ऐकू येत होती, ट्यूब उजव्या बाजूला सरकली होती. आयसीयूच्या दारातच ती परत २१ वर आणली.

तिला ऐकू येतं

पुढचं मला तिथल्या इन्चार्ज सिस्टरांनी सांगितलं आणि नंतर केसपेपरही बघायला मिळाला. लसीच्या आणखी १० व्हायल झाल्या, एकूण २०. त्यापुढे लस नाही. व्हेंटिलेटर, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब, लघवीचं कॅथेटर. पोटॅशियम २.८ निघालं, मण्यारीच्या विषात ते उतरतं. ते इन्फ्युजनमधून हळूहळू भरलं. पोटॅशियम सिरिंजने थेट शिरेत कधीही जात नाही, हे वाक्य माझ्या वर्गात भिंतीवर लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अशी होती: हात-पाय लुळे, डोळ्यांवर टॉर्च टाकला तर बाहुल्या ६ मिलिमीटरच्या, प्रकाशाला हलत नाहीत. सक्शनचा कॅथेटर खोल गेला तरी खोकला नाही. जोरात चिमटा काढला तरी काही नाही. राउंडला आलेल्या एका इंटर्नने बेडच्या पायथ्याशी उभं राहून सोबत्याला हळूच म्हटलं, "ब्रेन डेथ वाटतंय ना?"

पुस्तकी चाचणीने वाटणारच. मेंदूच्या मृत्यूची सगळी बाह्य चिन्हं ज्या स्नायूंनी दिसायची त्या स्नायूंपर्यंत निरोपच पोहोचत नव्हता. मेंदू पूर्ण जागा. बाहुल्यासुद्धा याच विषाने थिजतात. चेतासंस्थेवरचं विष असेल तर मेंदू मृत ठरवण्याच्या चाचण्यांचा विचारच करायचा नाही, ही पहिली अट. नर्सिंगच्या दृष्टीने याचा अर्थ आणखी भयंकर आहे: आपल्या बेडवर एक बाई आहे जिला सगळं ऐकू येतं, सगळं लागतं, आणि जिला पापणीही हलवता येत नाही.

त्या वॉर्डात हे ओळखलं गेलं नाडीवरून. दुपारी भेटीच्या वेळी नवरा आत आला आणि सिस्टरला विचारायला लागला की गाडी करून घरी न्यायची का, पोरं आईला बघायला म्हणतात. मॉनिटरवर ९२ ची नाडी १२८ झाली. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे उतरलं. इन्चार्ज सिस्टरांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि म्हणाल्या, "दादा, तिला ऐकू येतंय. पोरांबद्दल बोला, म्हशीबद्दल बोला, पण न्यायचं-बियायचं तिच्यासमोर नाही." मग त्यांनी बेडच्या डोक्याशी कागद चिकटवला: 'पेशंट शुद्धीत आहे. बोलून मग हात लावा.'

पहिल्या दिवशी ट्यूबसाठी दिलेलं झोपेचं औषध उतरलं होतं आणि पुढे ते कुणी नीट लिहिलं नव्हतं. हलत नाही म्हणजे झोपलेली आहे असं सगळ्यांनी धरलं. वेदना आणि झोप यांची औषधं त्या दुपारी सुरू झाली. वेदनेचा तक्ता भरताना चेहरा, हात, अंगाची हालचाल बघायची असते. हिच्यात त्यातलं काहीच नव्हतं. नाडी, बीपी, घाम आणि डोळ्यातलं पाणी एवढ्याच चार खिडक्या.

बाकीचं काम तेच, जे प्रत्येक आयसीयूत असतं आणि कंटाळ्याने सुटतं. डोकं ३० अंश वर. दर दोन तासांनी कूस. तोंडाची सफाई. ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्याचा, म्हणजे कफचा, दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याचा, बोटाने दाबून अंदाज करायचा नाही. सक्शन एका वेळी १५ सेकंदांच्या आत, आधी पूर्ण ऑक्सिजन देऊन, आणि त्याच्याही आधी "ताई, आता घशात नळी जाईल, खोकल्यासारखं वाटेल" असं सांगून. पण या पेशंटमध्ये एक गोष्ट वेगळी जपावी लागते, डोळे. पापण्या उतरलेल्या असल्या तरी पूर्ण मिटलेल्या नसतात, खाली एक रेघ उघडी राहते. पापणी लवत नाही, तर ती रेघ पंख्याच्या वाऱ्याने वाळते आणि काही तासांत बुबुळ खरडतं. पेशंट जगतो आणि नजर घालवून बसतो. मलम, वर पापणी हलकेच ओढून चिकटपट्टी, आणि दर चार तासांनी काढून बघणं. चिकटपट्टी लावतानाही सांगायचं, नाहीतर शुद्धीतल्या माणसाला अचानक अंधार.

तिसऱ्या रात्री नाइटच्या सिस्टरने पावलं पुसताना बघितलं की उजव्या पायाचा अंगठा हलला. योगायोग असेल म्हणून तिने विचारलं, "ताई, ऐकू येत असेल तर अंगठा हलवा." हलला. तिथून बोलणं सुरू झालं. एकदा हलला की हो, हलला नाही की नाही. पहिला प्रश्न सिस्टरने विचारला, दुखतंय का? हो. कुठे, हे शोधायला तिला डोक्यापासून खाली एकेक जागा विचारत यावं लागलं. शेवटी निघालं ते कॅथेटर मांडीखाली दबलं होतं.

पाचव्या दिवशी कपाळाला आठी पडली, सहाव्या दिवशी पापण्या अर्ध्या उघडल्या. मान उशीवरून पाच सेकंद उचलायला लागली तेव्हा व्हेंटिलेटरचा आधार कमी करत नेला, आणि आठव्या दिवशी ट्यूब निघाली. तासाभराने तिने पाण्याआधी एक गोष्ट सांगितली, घोगऱ्या आवाजात: रात्री कुणीतरी न सांगता एकदम कुशीवर ढकलायचं आणि तिला दर वेळी वाटायचं, आता खाटेवरून पडले. इंटर्नचं वाक्यही तिच्या कानावर गेलं होतं. 'ब्रेन' तिला कळलं नव्हतं. 'डेथ' कळलं होतं.

या प्रकरणाच्या मागचा आकडा मोठा आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,००० . जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने २०२४ मध्ये काढला. आराखड्यात लस, व्हेंटिलेटर, प्रशिक्षण सगळं आहे.

डिस्चार्जच्या दिवशी मी जिल्ह्याला मीटिंगला गेले होते, म्हणून वॉर्डात डोकावले. ती खाटेच्या कडेला बसून चहात पाव बुडवून खात होती, अगदी सावकाश, प्रत्येक घास गिळल्यावर थांबून. इन्चार्ज सिस्टर तिला आणि नवऱ्याला समजावत होत्या. जमिनीवर झोपायचं नाही, खाटेवर झोपायचं. मच्छरदाणी लावायची आणि कडा गोधडीखाली खोचायच्या. रात्री बाहेर जाताना बॅटरी. पुन्हा कुणाला चावलंच तर आवळपट्टी नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे नाही, हात-पाय न हलवता सरळ दवाखाना. नवरा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "घरात खाट एकच हाय, सिस्टर. तिच्यावर आत्याबाई झोपत्यात."

सिस्टरांनी कागदावर 'खाट' हा शब्द लिहिला होता. त्याच्या शेजारी त्यांनी 'मच्छरदाणी, दोन' असं लिहिलं आणि कोणत्या आकाराच्या लागतील ते विचारायला लागल्या.